बल्बची चौथी जोडी

एका वर्षात रुपरावनं पिकअपच्या हेडलाइटचे बल्ब तीनदा बदलले होते, आणि आज चौथ्यांदा तो शहरात, जरीपटक्यात गोलूच्या दुकानापुढं गाडी लावून उभा होता. मूळचे पिवळे बल्ब धडधाकट असताना काढून नवे पिवळे घातले. मग जास्त वॉटचे टाकले, तर होल्डरच वितळला. मग पुन्हा पिवळे, महागातले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा कारभार. कारण दोष बल्बात नव्हता, डोळ्यात होता, आणि हे रुपरावला चांगलं माहीत होतं.

काचबिंदू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून सांभाळा, आणि अंधारात गाडी चालवू नका. त्यानं थेंब तेवढे सांभाळले, बाकीचं गिळलं. बायकोलाही सांगितलं नाही.

सांगणार तरी कसं? कुहीजवळच्या त्याच्या गावातून आठ-दहा बाया पहाटे सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, वांगी, वालाच्या शेंगा घेऊन त्याच्या गाडीत मागं बसायच्या आणि उजाडता उजाडता जरीपटक्याच्या बाजारात उतरायच्या. एसटीनं यायचं तर उशीर होऊन बाजारात बसायची जागा दुसऱ्यानं बळकावलेली असायची. शिवाय रुपरावला स्टिअरिंगखेरीज काही येत नव्हतं. विळा धरला की आधी स्वतःचं बोट कापतो, असं त्याचे भाऊ हसून सांगायचे, आणि ते खरं होतं. गावात त्याला ड्रायव्हर म्हणूनच हाक होती. गाडी सोडली तर तो कुणीच नव्हता, आणि नाही सोडली तर एखाद्या पहाटे दहा घरांच्या चुली विझवून बसला असता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा रोज पहाटे चावी फिरवत होता.

त्यात बायकोची, मनकर्णाची बडबड. ती केबिनमध्ये शेजारी बसायची, आणि गेल्या वर्षापासून तिच्या तोंडाला खळ नव्हता. पुलाचा कठडा किती जुना झाला. रुखमाबाईचा बैल पाहा, कसा ऐन रस्त्यावर बसला. त्या वळणावर म्हणे बोरं चांगली लागली. माणसाचा जीव आधीच टांगणीला, वर हे पुराण. "तोंडाले जरा आराम दे वं," तो खेकसायचा. ती घटकाभर गप्प राहायची आणि पुढच्या वळणाआधी पुन्हा सुरू व्हायची.

नाव गोलू असलं तरी दुकानदार पन्नाशीचा होता. त्यानं दोन खोकी समोर ठेवली. "काका, माहं ऐका. एलईडी समोरच्याच्या डोळ्यात जाते. धुक्यात तं काहीच कामाचा नाई. पिवळाच बरा हाय."

"पांढराच दे गा. सगळ्यात जोरदार असन तो."

गोलूनं खांदे उडवले. रबरी टोपी ओढून काढली, क्लिप दाबून जुना बल्ब सोडवला, नवा बसवला. उजेड सरळ पडतो का हे पाहायला गाडी मागच्या अंधाऱ्या शेडमध्ये भिंतीसमोर लावली. भिंतीवर खडूची आडवी रेघ होती, उजेडाची वरची कड तिच्याखाली यायला हवी. गोलू बोनेटमध्ये वाकून स्क्रू फिरवू लागला.

"काका, डावा रेघेखाली आला का?"

रुपरावला भिंत दिसत होती, उजेडही दिसत होता, पण रेघ कुठंच नव्हती. ठोकून द्यावं 'हाव' म्हणून, असं मनात आलं, तेवढ्यात शेजारून मनकर्णा बोलली. "नाई जी, चार बोटं वर हाय. घ्या खाली. अजून. बस."

पुलाचा कठडा आणि रुखमाबाईचा बैल ज्या आवाजात यायचे, त्याच आवाजात ती हे बोलली होती. गोलू फडकं आणायला आत गेल्यावर रुपरावनं तिला विचारलं, "तुले कवापासून मालूम हाय?"

"मागच्या हिवाळ्यापासून. तुमी गिट्टीच्या ढिगाऱ्यावर सरळ गाडी नेऊन राहिले होते."

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलूनच तं राहिली रोज."

रुपरावला रडू आलं. स्वतःचा इतका राग त्याला कधीच आला नव्हता. वर्षभर ही बाई डोळे ताणून शेजारी बसली होती, अंगात ताप असतानाही घरी थांबली नव्हती, आणि आपण तिला गप्प करत होतो. "उद्या शेवटची चक्कर," तो म्हणाला. "साऱ्यांले सांगून टाकतो."

दुसऱ्या पहाटे नव्या बल्बांचा उजेड धुक्यात नुसता पांढरा पसरला. मनकर्णानं पुलाचा कठडा सांगितला, पण पुढं तिला हुंदका आला आणि आवाज फुटेना. त्याच वेळी केबिनच्या टपावर मागून दोन थापा पडल्या.

"रुपराव, समोर ट्रॉली उभी हाय गा," इंदुताई म्हणाली. मागच्या बायांमधली ती सगळ्यात थोरली. "थांबव."

त्यानं ब्रेक दाबला. तणसानं, भाताच्या पेंढ्यानं भरलेली ट्रॉली, मागं दिवा नाही, काही नाही, अगदी नाकासमोर होती. तो उतरला, चाचपडत मागं गेला आणि फळीला धरून उभा राहिला.

"इंदुताई, मले दिसत नाई."

"मालूम हाय. साऱ्याइले मालूम हाय. मनकर्णा खोकाले थांबली तरी आमचा जीव वर-खाली होते."

"मंग बसता कायले माह्या गाडीत?"

"नाई बसलो तं जाऊ कशानं?"

कुणीतरी आपली टोपली सारखी केली. सगळं सांगून मोकळं व्हायला तो उतरला होता. एक बाई जरी रागावून खाली उतरली असती, तर तो सुटला असता. पण एकही उतरली नाही.

"चाल आता," इंदुताई म्हणाली. "बाजार उठन. तू चालव, आमी पाहून राहिलो."

रुपराव परत वर चढला. मनकर्णानं पदरानं डोळे पुसले आणि समोरच्या काचेकडं तोंड केलं.

"उजवीकडून घ्या," ती म्हणाली. "मोकळं हाय."