पत्र्यावरचे सेल

इतरांच्या पत्र्यावर पापड वाळायचे, आमच्या पत्र्यावर रेडिओचे सेल. आवाज बसला की आई चारही सेल काढून भर उन्हात ठेवायची. तापले की संध्याकाळी ते पुन्हा थोडं बोलायचे. ते थोडंसं बोलणं सातच्या बातम्यांसाठी राखून ठेवलेलं. मी गाणी लावायला गेले की आई खेकसायची, “सेल काय झाडाला लागून राहिलेत का?”

अण्णा, म्हणजे माझे वडील, तिकडं उस्मानाबादच्या कचेरीत कारकून होते. उदगीरजवळच्या आमच्या गावी महिन्यातून एकदा यायचे. त्यांच्या खोलीवरही असाच रेडिओ होता. दोघांनी एकाच वेळी बातम्या ऐकायच्या, असं त्यांचं ठरलेलं. आई त्यालाच भेट म्हणायची. लातूरचा नवा जिल्हा होणार अशी हवा होती. झाला, तर अण्णांची तिथं बदली होईल आणि ते दर शनिवारी घरी येतील, या आशेवर आई दिवस ढकलत होती.

त्या वर्षी पावसानं दडी मारलेली. दुष्काळाचा काही उपयोग झालेलं गावात एकच घर असेल, ते आमचं. आणि नेमकं जिल्ह्याची बातमी येणार तेव्हाच आभाळ भरून आलं. सगळं गाव खुशीत वर बघत होतं, माझी आई तेवढी ढगांवर चिडलेली. ऊन नाही म्हणून तिनं सेल चुलीच्या गरम राखेत ठेवले. एक फुटला, काळं पाणी सुटलं. रेडिओ मुका झाला आणि आई रडली. एका सेलासाठी कुणी एवढं रडतं का, असं मला वाटलं होतं.

ढग न बरसताच निघून गेले. दुसऱ्या दिवशी अण्णाच आले, पिशवीत चार नवे सेल घेऊन.

“झाला जिल्हा,” ते म्हणाले.

“आन तुमचं?”

“मला तिकडंच ठेवलं.”

मला त्या नव्या जिल्ह्याचा लई राग आला.

अण्णा निघाले तेव्हा आईनं फुटलेल्या सेलाच्या जागी एक नवा घातला आणि बाकीचे तीन त्यांच्या पिशवीत परत टाकले.

“अगं, तुला आणलेत.”

“मला ऊन हाय की. तुमच्या खोलीला पत्रा न्हाई. तुमचाच बंद पडला तर मी कुनासंगं ऐकू?”

अण्णांची एस्टी सुटली. घरी येऊन आईनं जुने तीन सेल पत्र्यावर मांडले.