पुढच्या चाकांची ड्यूटी

माझे बाबा कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारतात. एकतीस वर्षं त्यांनी लाल बस चालवली. डेपोतून निघताना हातातल्या दांडक्याने एकेक टायर ठोकून बघायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. हवा पुरेशी असली की टणक आवाज येतो, कमी असली की नुसतं बद्द वाजतं. बस सुटली, दांडकं मात्र घरी आलं. आमच्या बुलढाण्याच्या घरात ते दाराआड उभं असतं आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नाही.

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता मी त्यांना म्हणालो, की शेगावला बसने जाणं आता पुरे, मी गाडीने नेतो. त्यांच्या एका डोळ्याला ऑपरेशननंतरही नीट दिसत नाही, त्यामुळे लायसन्सही पुन्हा काढलेलं नाही. महिन्यातला एक गुरुवार ते बसने शेगावला जातात आणि ड्रायव्हरच्या मागची जागा धरून सगळा रस्ता स्वतःच चालवतात म्हणा ना. लहानपणी त्यांच्या शेजारी, इंजिनाच्या गरम झाकणावर बसून मी शेगावच्या वाटेवरचा बोथ्याचा घाट कितीदा उतरलो होतो. आता त्यांनी माझ्या शेजारी निवांत बसावं, एवढी एकच हौस मला होती. पंचेचाळिसाव्या वर्षी बापाकडून शाबासकी हवी असणं लाजिरवाणं आहे, पण मला ती हवी होती.

गुरुवारी सकाळी मी गाडी दारात लावली आणि बाबांनी फेरी मारली. मागचे दोन्ही टायर टणक वाजले. पुढचा डावा बद्द वाजला, उजवाही बद्द. मग त्यांनी वाकून त्यावरून तळहात फिरवला.

“समोर टकले टायर काऊन लावले बे?” ते म्हणाले.

उत्तराची वाट न पाहता त्यांनी दांडकं दाराआड ठेवलं, पिशवी उचलली आणि बस स्टँडकडे चालू लागले. त्यांच्या डेपोचा नियमच होता, की पुढच्या चाकांना नेहमी नवे टायर आणि रिमोल्ड केलेले, म्हणजे वरून नवं रबर चढवलेले जुने, मागे. पुढचं चाक गेलं तर ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही. तो नियम त्यांच्या रक्तात भिनलेला, आणि मी तर पुढेच गुळगुळीत टायर लावून त्यांना बसायला बोलावत होतो.

टायर टकले नव्हते. ते ड्रॅग रेडियल होते. मी कचेरीत कारकून आहे, पण वर्षातून एकदा माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला घेऊन दूरच्या एका रिकाम्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यतीला जातो. बायको म्हणते, पंधरा सेकंदांसाठी दोन दिवसांचा प्रवास करणारा माणूस तिने दुसरा पाहिला नाही. माझ्या गाडीचा जोर पुढच्या चाकांवर येतो, म्हणून हे टायर पुढेच बसवलेले. रबर मऊ आणि चिकट, खाचा अगदी नावापुरत्या, त्यामुळे कोरड्या रस्त्याला ते घट्ट धरून ठेवतात. विकणाऱ्याने सांगितलं होतं की रोजच्या रस्त्यावरही चालतात. मी नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं. शर्यतीहून आल्यावर नेहमीचे टायर परत बसवायचा आळस केला, आणि धावपट्टीवर पकड वाढावी म्हणून कमी केलेली हवा वाढवायचंही राहून गेलं.

मला बाबांचा राग आला. या टायरांबद्दल मी इतकं वाचलेलं, इतके व्हिडिओ पाहिलेले, आणि हे दांडक्याने ठोकून निकाल देणार. मी कचेरीत सुट्टी टाकली आणि ठरवलं की त्यांच्या मागोमाग शेगावला जायचं, दर्शनबारीच्या बाहेर गाडी उभी करायची, म्हणजे परतताना त्यांना बसावंच लागेल. डोक्यात एवढा राग होता, की हवा भरायलाही थांबलो नाही.

पाऊस थांबून दोन दिवस झाले होते. ऊन पडलं होतं. वरवंड गावापर्यंत रस्ता खडखडीत कोरडा, गाडी कशी रस्त्याला चिकटून चाललेली, आणि मी मनातल्या मनात बाबांशी भांडत होतो. घाटात शिरल्यावर एका वळणावर डोंगरातून झिरपलेलं पाणी रस्त्यावरून पातळ वाहत होतं. मी वेगात नव्हतो. स्टिअरिंग डावीकडे वळवलं, चाकंही वळली असणार, पण गाडी सरळच जात राहिली. टायरला पाणी बाजूला सारायला खाचाच नव्हत्या. ब्रेक दाबला तर अजूनच घसरली. समोरून कोणी येत नव्हतं, ही त्या दिवसाची एकमेव चांगली गोष्ट. गाडी पलीकडच्या कडेला गवतात घुसून थांबली. पुढे चार पावलांवर दरी होती.

मी इंजिन बंद केलं. एकच विचार येत होता: सकाळी बाबा शेजारी बसले असते तर? मग गाडी हळूच मागे घेतली, पहिल्या गियरमध्ये घाट चढून घरी आलो आणि कोणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी बाबा प्रसाद घेऊन आले. अंगणात गाडीजवळ थांबले, पुढच्या चाकात अडकलेली गवताची काडी ओढून काढली आणि विचारलं, “कोन्या वळणावर?”

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, पळसाची दोन झाडं आहेत तिथे. त्यांनी मान हलवली. तिथे दिवाळीपर्यंत पाणी झिरपतं, म्हणाले. मी शिव्यांची वाट पाहत होतो, टायर आत्ता काढून फेक असं म्हणतील असं वाटत होतं. त्याऐवजी त्यांनी पायरीवर बसून मला विचारलं, की हे टायर नेमके असतात कसे. मी सगळं सांगितलं. ते मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, कचेरीतले साहेब विचारतात तसे नाही, खरोखर जाणून घ्यायला. रबरात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, चिकटलेले खडे काढले. शेवटी उठताना म्हणाले, “टायर खराब नाही बे. तू त्याले भलत्या ड्यूटीवर लावून राह्यला.”

मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली. इतके व्हिडिओ पाहून माझ्या डोक्यात जे शिरलं नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंक्चरच्या दुकानात आम्ही दोघं गेलो आणि नेहमीचे खाचांचे टायर पुढे बसवून आणले. मग बाबांनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं आणि डेपोत लागायचा तसा टायरांचा ड्यूटी तक्ता त्यावर लिहायला घेतला. मृगापासून दिवाळीपर्यंत ड्रॅग रेडियलला सुट्टी. हिवाळा-उन्हाळ्यात लावायचे तर आधी गाडीच्या दारावरच्या पट्टीत लिहिली आहे तेवढी हवा भरायची, शर्यतीची हवा शर्यतीतच. आभाळ आलं की गाडी घरीच. सकाळी गारठ्यात हे रबर लगेच पकडत नाही, हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी लिहून घेतलं, की इथून देऊळघाट गाव जेवढं लांब, तेवढं अंतर जाईपर्यंत हळू. हे टायर लवकर झिजतात म्हणून दर महिन्याला खाच मोजायची, आणि रबर झिजून खाचेतल्या खुणेच्या पट्टीपर्यंत आलं की काढायचे. एका बाबतीत मात्र आमचा वाद झाला. ते म्हणाले, पुढचे दोन असे घट्ट धरणारे आणि मागचे साधे, म्हणजे जोडीतला एक बैल ताकदीचा अन् एक मरतुकडा. वळणावर जोरात घातलीस तर मागची बाजू सुटेल. मी म्हणालो, मी जोरात घालणारच नाही. तेही त्यांनी कॅलेंडरवर लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. बायकोला कॅलेंडरवर दुधाचं लिहायला जागा उरली नाही, त्यावरून ती आम्हा दोघांना अजून टोमणे मारते.

दिवाळीनंतर रस्ते वाळले. डिसेंबरातल्या एका गुरुवारी मी ड्रॅग रेडियल बसवले, हवा भरली आणि गाडी दारात लावली. बाबांना काही सांगितलं नाही. त्यांनी दांडकं घेऊन फेरी मारली. चारही टायर टणक वाजले. पुढच्या टायरवरून तळहात फिरवला, वर आभाळाकडे पाहिलं, मग दांडकं दाराआड ठेवून आले आणि माझ्या शेजारी बसले. पट्टाही स्वतःच लावला.

गावाबाहेर पडेपर्यंत मी बैलगाडीच्या चालीने चालवत होतो. बाबांचा उजवा पाय सारखा खालच्या मॅटवर दाबला जात होता. समोर ट्रक आला की दाब, कुत्रं दिसलं की दाब. आयुष्यभराचा ब्रेक त्या पायात होता. मला हसू येत होतं आणि थोडं वाईटही वाटत होतं, कारण त्याचा अर्थ गाडी अजून तेच चालवत होते.

घाट लागला. जंगल वाळलेलं, रस्ता स्वच्छ. पळसाची दोन झाडं दिसली. मी वेग कमी केला, गियर उतरवला आणि वळण घेतलं. गाडी वळली. जिथे वळवली तिथेच वळली.

बाबा खिडकीतून त्या जागेकडे बघत होते. दरी मागे पडली तेव्हा ते वाकले, चपला काढून बाजूला सारल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले.