भूपेशची झोप

घरात कोणी घोरायला लागलं की बाकीच्यांची झोप उडते, असं म्हणतात. सुमतीबाई सोनकुसऱ्यांचं उलटं होतं. त्यांच्या मुलाचं घोरणं थांबलं की त्यांची झोप उडायची.

भूपेश घोरत असे तोवर त्या निवांत. चक्की चालू आहे म्हणजे दळण होतंय, तसा तो आवाज. पण मधेच तो गचकन तुटायचा. मग घोरणं नाही, श्वास नाही, छाती हलत नाही. सुमतीबाई अंधारात त्याच्या पोटाकडे बघत राहायच्या आणि त्यांचाच दम कोंडायचा. शेवटी पाय लांबवून त्या त्याच्या पोटरीला एक ढोस द्यायच्या. बुडता माणूस पाण्यावर यावा तसा भूपेश मोठ्यानं श्वास ओढायचा, कूस बदलायचा आणि चक्की पुन्हा सुरू.

"हा एक दिवस झोपेतच..." याच्या पुढचा शब्द सुमतीबाई मनातसुद्धा उच्चारत नसत. पण तो शब्द त्यांची पाठ सोडत नसे. पालक निवडताना, पोथी वाचताना, शेजारणीशी बोलताना तो येऊन उभा राहायचा.

नागपुरात गोळीबार चौकाजवळचं त्यांचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत गोपाळराव, कारण त्यांना पंखा पाचवर लागायचा. बाहेरच्या खोलीत दिवाणावर भूपेश आणि खाली गादीवर सुमतीबाई. वर्षानुवर्षांची ही व्यवस्था, त्यामुळे ढोस द्यायला त्यांना उठावंही लागत नसे.

"घोरते म्हणजे जिवंत आहे," गोपाळराव म्हणायचे. "तू काहून टेन्शन घेऊन राहिली वं?"

"अहो, घोरत नाही तेव्हाचं सांगून राहिली मी!"

"मंग तेव्हा तरी शांततेत झोपत जा ना."

गोपाळरावांचे वडील हातमागावर लुगडी विणत, गोपाळराव स्वतः सूतगिरणीत होते, आणि भूपेश कळमेश्वरच्या एका कंपनीत पॅकिंगचा सुपरवायझर. अंगानं भरलेला, मान जवळजवळ नसलेली, स्वभावानं मऊ. कोणाला नाही म्हणणं त्याला जमत नसे, कारण नाही म्हणायला जागं राहावं लागतं आणि त्याला तेवढाच त्रास होता. तो कुठंही झोपायचा. देवाजीच्या सलूनमध्ये खुर्चीत टेकला की संपलं. देवाजी एका हातानं त्याचं डोकं सावरायचा आणि दुसऱ्या हातानं कात्री चालवायचा. "तुमच्या भूपेशचे केस कापणं म्हणजे टरबूज पकडून कापणं आहे, काकू," तो सांगायचा.

एवढंच कशाला, स्वतःच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, भूपेश पाटावर बसल्या बसल्या झोपला होता. मुलगी प्रणाली, उमरेडची, सदरमधल्या चष्म्याच्या दुकानात नोकरीला. भटजींचे मंत्र लांबले, नवरदेवाची मान हळूहळू खाली गेली, पापण्या मिटल्या. सुमतीबाई त्याला चिमटा काढायला पुढं सरकल्या. पण मुलीची आत्या कौतुकानं म्हणाली, "किती संस्कारी पोरगा आहे वं! डोये वर करून पाहत बी नाही."

तेव्हापासून गैरसमज वाढतच गेला. प्रणालीचा रोज संध्याकाळी फोन यायचा. भूपेश दोनदा "हूं" म्हणायचा, मग तिचं बोलणं चालू असतानाच फोन कानाशी धरून झोपायचा, आणि घोरणं सुरू होण्याच्या आधी सुमतीबाई त्याच्या हातातून फोन काढून बंद करायच्या. प्रणाली आपल्या होणाऱ्या सासूला सांगायची, "आई, मी बोलते तर हे मधात एक शब्द बोलत नाहीत. आजकाल कोण ऐकून घेते एवढं?" सुमतीबाई "हो ना" म्हणायच्या आणि विषय लग्नाच्या साड्यांवर न्यायच्या. लग्न फाल्गुनात होतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण दिवाळीनंतर एका सकाळी भूपेश कामावर जाताना काटोल रोडवर गाडी चालवता चालवता झोपला. मोटरसायकल रस्ता सोडून सरळ तुरीच्या शेतात शिरली. तूर माणसाच्या कमरेच्या वर वाढलेली, तिनं त्याला झेललं. उलट्या बाजूनं एखादा ट्रक असता तर... घरी येऊन त्यानं सांगितलं, "खड्डा चुकवला." खिशातून तुरीच्या शेंगा निघाल्या. सुमतीबाईंनी शेंगा सोलल्या आणि गाडीची चाबी तुरीच्याच डाळीच्या डब्यात पुरून ठेवली.

मग तो कंपनीच्या बसनं जाऊ लागला. आठवडाभरात एकदा असं झालं की बस कळमेश्वरला पोचली, सगळे उतरले, आणि भूपेश मागच्या सीटवर झोपलेलाच नागपूरला परत आला. साहेबानं पगार कापला. भूपेशनं चाबीसाठी भुणभुण लावली.

"दवाखान्यात चल, चाबी देते," सुमतीबाई म्हणाल्या.

"मले काय झालं आहे? रात्री दहा वाजता झोपतो, सकाळी सहाले उठतो. माह्यासारखी झोप कोणाची आहे का घरात?"

"तुझ्यासारखी घरात नको बी कोणाची."

शेवटी तडजोड झाली. तपासणी करायची. काही निघालं तर उपचार, काही निघालं नाही तर त्याच दिवशी चाबी परत. गोपाळराव साक्षीदार. सुमतीबाईंनी जेवणाच्या ताटावर बसून शब्द दिला. काहीतरी निघणारच याची त्यांना खात्री होती.

डॉक्टरीणबाईंनी भूपेशच्या गळ्याचा घेर मोजला, घसा पाहिला आणि सांगितलं, की झोपेत याच्या श्वासाची वाट बंद होत असावी. श्वास अडला की मेंदू त्याला अर्धवट जागं करतो, म्हणून रात्रभर झोपूनही झोप होत नाही. एक रात्र इथं अंगाला तारा लावून झोपायचं, म्हणजे नक्की कळेल. सोबत एकाला राहता येईल.

"पण एक लक्षात ठेवा," त्या सुमतीबाईंकडे वळून म्हणाल्या, "काही झालं तरी त्याला हात लावायचा नाही. श्वास थांबला तरी नाही. आमचं यंत्र बघत असतं."

"हात नाही लावणार," सुमतीबाई म्हणाल्या. "लेकराची शपथ."

त्या दिवशी भूपेशला दुपारी झोपू द्यायचं नव्हतं. सुमतीबाईंनी त्याला सुट्टी घ्यायला लावून घरभर फिरवला. पंखे पुसायला लावले. तो शिडीवर पेंगायला लागला तेव्हा खाली उतरवून लसूण सोलायला बसवला. निघायच्या आधी, बारावीच्या पेपरला जावं तसं, त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. आणि डोकं शांत राहावं म्हणून टाळूवर चांगलं बोटभर तेल थापलं.

तिथला विक्रम नावाचा तंत्रज्ञ पोरगा तारा चिकटवायला आला आणि भूपेशच्या डोक्याला हात लावून थांबला.

"काकू, तेल? सांगितलं होतं ना, केस धुऊन, कोरडे."

"थोडंसंच आहे. थंड राहते."

"पराठा होते याच्यावर, काकू."

भूपेशला बेसिनमध्ये डोकं घालून दोनदा शाम्पू करावा लागला. मग डोक्याला, कपाळाला, हनुवटीला तारा, छातीला नि पोटाला पट्टे, नाकात नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. विक्रम शेवटची तार लावत होता तेवढ्यात चक्की सुरू झाली.

"दादा, अजून लाईट बी बंद नाही केला!"

"चालते," भूपेश डोळे मिटूनच म्हणाला.

खोली अरुंद होती. पलंगाला लागूनच सोबतीचा सोफा. सुमतीबाईंनी आडवं होऊन दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले, म्हणजे चुकूनही उठायला नकोत. रात्रभर जागायचं, पण बोट लावायचं नाही, असं ठरवून त्या त्या आवाजाकडे कान लावून पडल्या. काय झालं कोण जाणे, पण यंत्र लक्ष ठेवून आहे, आज आपल्यावर भार नाही, असं मनात आलं आणि त्यांना इतकी गाढ झोप लागली, की सकाळी विक्रमनंच त्यांना उठवलं.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही बोलावलं. गोपाळराव साक्षीदार म्हणून आले होते. बाई कॉम्प्युटरवरच्या रेघांकडे कपाळाला आठ्या घालून बघत होत्या.

"आजार असल्याचं यात दिसत नाही," त्या म्हणाल्या.

भूपेशनं आईसमोर तळहात पसरला. "चाबी."

"असं कसं होईल?" सुमतीबाईंचा आवाज चढला. "मी रोज ऐकते! थांबतो त्याचा श्वास!"

"थांबतो. पण दहा सेकंद तरी थांबला तर आम्ही तो मोजतो. याचा प्रत्येक वेळी त्याच्या आतच सुरू होतो. आणि दर वेळी आधी अंगाला एक हिसका बसतो. तो कशाचा ते कळेना, म्हणून मी रात्रीचं चित्रीकरण काढलं." बाईंनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. "तुम्हीच बघा."

हिरवट अंधारात पलंगावर तारांनी गुरफटलेला भूपेश दिसत होता. बाजूला सोफ्यावर सुमतीबाई, तोंड किंचित उघडं, हात पदरात गुंडाळलेले, गाढ झोपेत. भूपेशची छाती थांबली. क्षणभर काहीच नाही. मग सोफ्यावरच्या चादरीतून एक पाय सावकाश बाहेर आला, पलंगाच्या कडेवरून पुढे सरकला आणि भूपेशच्या पोटरीला नेमका एक ढोस देऊन परत चादरीत गेला. सुमतीबाईंची पापणीही हलली नव्हती.

"हा कोणाचा पाय आहे?" सुमतीबाईंनी विचारलं.

मागं उभा असलेला विक्रम खोकत खोकत बाहेर पळाला.

"तुझाच आहे वं," गोपाळराव म्हणाले. "जोडवं दिसून राहिलं ना."

बाईंनी चित्र पुढे पळवलं. पुन्हा छाती थांबली, पुन्हा पाय आला. रात्रभर, एकदाही न चुकता. एकदा भूपेशनं झोपेत पाय पोटाशी घेतले होते, तेव्हा सुमतीबाईंचा पाय थोडा चाचपडला, पलंगावर वरवर सरकत गेला आणि मांडी शोधून तिथं ढोस देऊन आला. बाईंना हसू आवरेना. गोपाळराव मात्र हसले नाहीत. त्यांनी पडद्यावरून नजर काढून बायकोच्या चपलेतल्या पायाकडे पाहिलं.

"तपासणी परत करावी लागेल," बाई म्हणाल्या. "या वेळी तुम्ही घरी."

"परत?" भूपेश उठलाच. "मॅडम, निघालं का काही? नाही निघालं. आईनं शब्द दिला होता."

"अरे बयताडा, मी पायानं ढोसत होती म्हणून नाही निघालं!"

"मंग ढोसत जा. एवढ्या वर्षांत काही झालं का मले? नाही ना? चाबी दे."

घरी येईपर्यंत त्याचं तेच चाललं होतं. सोमवारपासून गाडीनं जाणार, बसमध्ये पोट्टे हसतात, आता दवाखान्याचं नाव काढायचं नाही. मऊ माणूस एकदा अडला की खुंटा होतो. सुमतीबाईंनी गोपाळरावांकडे पाहिलं, पण ते साक्षीदार होते. "शब्द तर दिला होता तू," ते हळूच म्हणाले. सुमतीबाईंनी डब्यात हात घातला आणि डाळ झटकून चाबी त्याच्या हातावर ठेवली.

भूपेश शीळ घालत बाहेर गेला. गाडीवरचं कापड ओढल्याचा आवाज आला.

"आपलं तर कोणाचंच ऐकत नाही तो," गोपाळराव म्हणाले. "लग्न झाल्यावर तिचं ती पाहीन. आतली खोली तर द्याचीच आहे त्यायले."

सुमतीबाई डब्याचं झाकण लावत होत्या, त्यांचे हात थबकले. आतली खोली. तिला दार होतं. दाराला आतून कडी होती. आणि त्या कडीपलीकडे झोपणाऱ्या मुलीला कोणी सांगितलंच नव्हतं, की हा माणूस तुझं बोलणं ऐकून घेत नाही, तो झोपलेला असतो. की शांतता झाली की ढोसायचं असतं. की खरं तर ढोसायची वेळच येऊ नये, असा उपाय आहे, फक्त हा एक रात्र दवाखान्यात निजायला तयार नाही.

"प्रणालीले सांगते मी," त्या म्हणाल्या.

"पागल झाली का? साक्षगंध झालेलं लग्न मोडशीन! आत्या काय म्हणन तिची?"

"मोडलं तर मोडू द्या. नाही मोडलं तर दवाखान्यात जायचं तो तिचं तरी ऐकन."

"त्यालेच विचार आधी."

"तो शेतात शिरला तेव्हा मले विचारून शिरला होता का?"

गोपाळराव उठले. त्यांनी उगाच पंखा चारवर आणला आणि परत पाचवर नेला.

बाहेर बरेच दिवस बंद पडलेली गाडी कुरकुरली, खोकली आणि मग सुरू झाली. भूपेशनं ती दोनदा रेस केली. सुमतीबाईंनी चष्मा लावला आणि फोनमध्ये प्रणालीचं नाव शोधलं. काय बोलायचं ते ठरवत बसलं तर बोलणं व्हायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी नावावर बोट दाबलं. पलीकडून लगेच आवाज आला, मागं दुकानातली गडबड होती.

"हो, मी आई बोलते वं. गिऱ्हाईक आहे का समोर? असू दे, बसव त्याले दोन मिनिटं. तुले भूपेशचं एक सांगायचं आहे."