स्टेशनचा रस्ता आणि वडिलांचा व्यवसाय

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर एका परदेशी प्रवाशाने स्टेशनचा रस्ता विचारला. उत्तरादाखल तीन विद्यार्थ्यांनी त्याला आपापल्या वडिलांचा व्यवसाय सांगितला.

इंग्रजी संभाषणाच्या क्लासने त्यांना परदेशी माणसाशी बोलतानाचा व्हिडिओ आणायला सांगितलं होतं. ज्यांचा व्हिडिओ पास होईल, त्यांनाच एका हॉटेलात रिसेप्शनच्या नोकरीसाठी मुलाखतीला पाठवणार होते. त्याच क्लासला जाणाऱ्या माझ्या भाचीला ती नोकरी हवी होती. तिचा मोबाइल धरायला मी गेलो होतो.

प्रवासी घाईत होता. पहिल्या मुलाने नाव, गाव, वडील, छंद आणि ध्येय हे सगळं पाठ केलेलं न थांबता म्हटलं. "स्टेशन?" प्रवाशाने पुन्हा विचारलं. दुसऱ्याने आपला छंद क्रिकेट असल्याचं कळवलं. तिसऱ्याला डॉक्टर व्हायचं होतं.

भाचीने सोप्या इंग्रजीत रस्ता समजावला, रिक्षा थांबवली आणि चालकाला दम दिला, "चाचा, जादा मत लेना हां, मेहमान है." प्रवासी हसून आभार मानत निघून गेला.

"मामा, आलं ना सगळं?"

"आलं."

संध्याकाळी क्लासच्या सरांनी व्हिडिओ पाहिला. "यात तुझं इंट्रोडक्शन कुठंय?"

"सर, त्यांना स्टेशनला जायचं होतं."

"तो त्याचा प्रॉब्लेम. तुला रिसेप्शनिस्ट व्हायचंय की रिक्षा स्टँडवर उभं राहायचंय?"

मुलाखतीला ते तिघे गेले.