आधी दगड गेले

सुरतेतल्या डिंडोलीत लोटूला सगळे तापट म्हणत. पण तो मूळचा तापट नव्हता. अमळनेरकडून सुरतेत आला, कडोदऱ्याला कापड विणायच्या लूमवर उभं राहून शेठच्या शिव्या मुकाट ऐकल्या. त्याचं डोकं फिरलं ते समुद्रात.

लूमचा कारखाना बंद पडला तेव्हा एका ठेकेदाराने त्याला तेल शोधणाऱ्या जहाजावर लावलं. पाणी इतकं खोल, की तळावर खांब रोवायची सोयच नव्हती. जहाज तरंगत ठेवून त्याच्या पोटातून खाली भोक पाडायचं. चिखलाबरोबर दगडाचा चुरा वर येई. तो चाळायचा, धुवायचा, पिशव्यांत भरायचा, हे लोटूचं काम. चिखलातल्या खाराने बोटांची सालं निघत. हातमोजे मागितले की ठेकेदाराचा माणूस म्हणे, "पुढच्या बोटीने येतील."

त्या पिशव्या जात प्रभाकर साहेबांकडे. हे जहाजावरचे भूगर्भशास्त्रज्ञ, सुरतेतच अडाजणला राहणारे. लोटूशी मराठीत बोलत. "लोटूभाऊ, ही वाळू बघा. लाखो वर्षांपूर्वी खोल समुद्रात जाऊन बसलीय. तेल असलं तर हिच्याच पोटात." सुट्टीला घरी आला की लोटू बायकोला, प्रमिलाला, कौतुकाने अहिराणीत सांगे, "साहेब आपला माणूस शे."

जूनमध्ये वादळाची खबर आली. भोक बुजवून जहाज मोकळं केलं. खलाशांना थांबणं भागच होतं. बाकीच्यांना हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर न्यायचं ठरलं. परदेशी तंत्रज्ञ गेले, डॉक्टर गेला, अधिकारी गेले. शेवटी लोटू आणि ठेक्याची बाकीची माणसं लाइफजॅकेट घालून रांगेत उभी राहिली. तेवढ्यात खालून लाकडी पेट्या आल्या. समुद्राच्या तळाखालून कापून काढलेले दगडाचे दांडे होते त्यांत. पेट्या आत गेल्या, मागोमाग प्रभाकर साहेब चढले आणि हेलिपॅडवरच्या माणसाने हात आडवा केला. "बस, वजन पूर्ण झालं."

"साहेब, आम्ही?" लोटू ओरडला.

"पुढच्या फेरीला! हे दगड पुन्हा मिळायचे नाहीत, लोटूभाऊ!"

"आणि आम्ही मिळू?"

दार लागलं. पुढची फेरी आलीच नाही.

वादळात जहाज कलंडे, सावरे, पुन्हा कलंडे. जेवणघरातलं लोखंडी कपाट सुटून ठेक्यावरच्याच चलथाणच्या सखारामवर कोसळलं, पाय मोडला. डॉक्टर तर केव्हाच किनाऱ्यावर पोचलेला. लोटूने फळी लावून पाय बांधला. सखाराम किंचाळत होता, आणि लोटू दात आवळून प्रभाकर साहेबांना शिव्या घालत होता. भीती त्यालाही वाटत होती, पण राग तिच्याहून मोठा होता.

जहाज तगलं. लोटू घरी आला. पुढच्या आठवड्यात प्रभाकर साहेब पेढे घेऊन डिंडोलीत हजर. वाळूत तेल सापडलं होतं.

"तुमच्याच हातची वाळू, लोटूभाऊ. घ्या, तोंड गोड करा."

लोटूने हात पुढे केला नाही. "सखारामचा पाय मोडला, साहेब. ठेकेदार म्हणतो, त्याच्याच चुकीने मोडला. चला माझ्याबरोबर कंपनीत. सांगा त्यांना, माणसं मागे ठेवून दगड नेले म्हणून."

साहेबांची मान खाली गेली. "हुकूम वरून होता. माझ्याही नोकरीचा प्रश्न आहे."

"मग उठा!"

एके काळी शेठच्या शिव्या मुकाट ऐकणारा लोटू असा ओरडला, की गल्लीतली बायामाणसं दारात आली. साहेब निघाले तसा त्याने पेढ्यांचा पुडा त्यांच्या स्कूटरवर आदळला.

दुसऱ्या दिवशी तो सोबत्यांना घेऊन ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन बसला. सखारामवर इलाज करा, आणि पुढच्या वेळी माणसं आधी न्या, एवढंच मागणं. ठेकेदार रोज हाकलायचा, ही माणसं रोज येऊन बसायची. शेवटी सखारामचं ऑपरेशन त्याने करून दिलं. माणसं आधी नेण्याबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. उलट सगळ्यांना कामावरून काढलं आणि दुसरीकडून नवी माणसं भरली.

लोटू पुन्हा कडोदऱ्याला लूमवर गेला. प्रमिला म्हणे, "जाऊ द्या आते. जीव वाचना ना तुमना?" तेवढ्यानेही तो भडके. समुद्राने सोडलं म्हणून वाचलो, म्हणे. त्यांनी तर मरायलाच ठेवलं होतं.

वर्षभराने बाजारात मागून हाक आली, "लोटूभाऊ!" आवाज त्याने ओळखला. भाजीची पिशवी घट्ट धरली आणि मागे न बघता तो गर्दीतून पुढे निघून गेला.