बाईंचं वालाचं पातेलं

बाईंच्या दुपारी आता कशा जात असतील, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. शिकवणी बंद झाल्यापासून त्यांनी खिडकीचा पडदासुद्धा सरकवलेला नाही.

सुगंधा परब पालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि नाहूरला, आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर, शिकवणीला मुलं घेऊ लागल्या. बाकीचे क्लासवाले ज्यांना परत पाठवतात ती मुलं. माझा अनय त्यातलाच. चौथीत आहे. अक्षरं त्याला ओळीत उभी राहिलेली दिसत नाहीत, आणि तो स्वतः तर कुठेच उभा राहत नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी पुस्तक काढलंच नाही. मोड आलेल्या वालांचं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"सोल. आणि सोलता सोलता सांग, सहा सत्ते?"

"बेचाळीस."

"बरोबर. पण सालं माझ्या अंगावर कशाला उडवतोस रे?"

"ती आपोआप उडतात, बाई."

"मग पाढेपण आपोआप येऊ देत."

हात गुंतले की डोकं जागेवर राहतं, असं त्या म्हणायच्या. दिवाळीपर्यंत अनय धडा वाचू लागला. बोट ठेवून, अडखळत, पण पानाच्या शेवटपर्यंत.

मग एकदा वरच्या मजल्यावरची गंधाली तिच्या प्रांजलला न्यायला लवकर आली. चार मुलं वाल सोलत बसलेली पाहिली आणि फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. 'फी घेऊन मुलांकडून घरकाम.' खाली अंगठ्यांची रांग. मी लांबलचक उत्तर लिहिलं, तर कुणीतरी म्हणालं, तुमच्या मुलाचं वेगळं आहे. सेक्रेटरींनी बाईंना क्लास थांबवायला सांगितलं.

मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "बाई, आम्ही आया मिळून कमिटीला सांगतो ना."

"काय सांगशील गं अबोली? सोलून तर घेतलेच मी. बिरडं करून त्यांच्याच पानात वाढलं, ते फोटोत कुठे दिसतंय?"

"मग तुम्हीच सांगा हे."

"नको. उभा जन्म मुलांत गेला माझा. आता कमिटीपुढे त्याची साक्ष काढत बसू?" दार लावताना म्हणाल्या, "अनयला इकडे पाठवू नकोस. तो दारात आला की मला नाही म्हणवणार नाही."

मी घरी वाल भिजवून पाहिले. अनयने दोन सोलले आणि पातेलं ढकललं. "तुझ्याकडे नको. चुकलं की तू तोंड वाकडं करतेस." मी तोंड वाकडं केलं नव्हतं, निदान तसं मला वाटत होतं. त्यानं वाचनाचं पुस्तक कपाटावर फेकलंय. ते काढून तरी काय करू?

आज लिफ्टमध्ये गंधाली भेटली. नजर मोबाईलवरच ठेवून म्हणाली, "प्रांजल दप्तरच उघडत नाही गं हल्ली. अनयला कुठे घातलंस?" कुठेच नाही, म्हटलं. तिचा मजला आला, ती उतरून गेली.

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. बाई माझं ऐकत नाहीत, ग्रुप ऐकत नाही. फोटो टाकणारीनंच दारात जाऊन म्हटलं, तर कदाचित ऐकतील. सकाळी गंधालीला फोन करायचा. भांडायचं नाही. माझ्याबरोबर बाईंकडे चल, एवढंच म्हणायचं. ती नाही म्हणाली तर पुढे काय, मला खरंच सुचत नाही. पण फोन मी करणार आहे.