साखर कुठे जाते

चहाचा कप हातात आला की मॅडम आधी साखरेचे दोन-चार दाणे जिभेवर टाकायच्या आणि स्टाफरूममध्ये समोर जो बसला असेल त्याला विचारायच्या, "आता ही कुठं जाणार, सांगा बरं?" मराठीचे सर म्हणायचे, "पोटात." मॅडम मान हलवायच्या. "आणि त्याच्यापुढं?" त्याच्यापुढं आमच्यापैकी कुणी कधी गेलेलंच नव्हतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी पदार्थविज्ञान. दोन प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत होती, त्यामुळे त्यांच्याकडे काय उकळतंय ते मला वासावरून कळायचं. बेलापूरकडच्या शेतकरी ख्रिस्ती घरातल्या या बाई उंच होत्या, आवाजानं खणखणीत होत्या, आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे असत.

त्यांच्या साखरेच्या वेडामागं त्यांचे थोरले भाऊ होते. दादा साखर कारखान्यात फिटर होते. त्यांना अधूनमधून फिट येऊ लागली. यंत्राजवळ उभं राहणं जिवावरचं झालं, नोकरी सुटली आणि ते बहिणीकडे नगरला राहायला आले. रस्ता ओलांडतानाही मॅडम त्यांचा हात धरून असायच्या. पुण्याला नेऊन डोक्याचा स्कॅन काढला. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक दिसतंय.

"ठीक कसं असेल?" मॅडम मला म्हणाल्या. "त्या फोटोत घर दिसतं, सर. आत चूल पेटलीय की विझलीय ते दिसत नाही. मेंदूच्या पेशी साखरेवर जगतात. जिथं साखर कमी खपते, तिथं बिघाड. ती खपताना दिसायला पाहिजे."

परदेशात असे फोटो निघत होते, पण त्यासाठी लागणारी यंत्रं आपल्याकडे नव्हती. मुंबईच्या एका रुग्णालयात मात्र टेक्नेशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ रोज वापरात होता. मॅडमनी ठरवलं, साखरेच्या रेणूला असा एक हात जोडायचा की तो टेक्नेशियमला घट्ट धरील. मग ती साखर शरीरात जिथं जाईल तिथं बाहेरचा कॅमेरा तिचा माग काढील. टेक्नेशियमचा जोर काही तासांतच ओसरतो, ते नगरपर्यंत आणण्यात अर्थ नव्हता. म्हणून साखर इथं बनवायची आणि मुंबईला न्यायची.

ती बनवायची तर आधी नळाला पाणी हवं! पदार्थ कोरडा करायला भांड्यातली हवा ओढून घ्यावी लागे आणि ती ओढणारी काचेची नळी चालायची नळाच्या धारेवर. शहरात पाणी एक दिवसाआड. पाण्याच्या दिवशी भिंतीपलीकडून आरोळी यायची, "सर, तुमचे नळ बंद करा हो, माझी धार बारीक झाली!" की मी शिकवायचं सोडून नळ बंद करत फिरायचो. पाणी वाया जातं म्हणून प्राचार्य रागावले, तेव्हा मॅडमनी नळीखाली पिंप ठेवलं आणि ते पाणी प्राचार्यांच्या गुलाबांना घालायला लावलं. पुन्हा तक्रार आली नाही.

पहिली कुपी त्यांनी थर्मासमध्ये बर्फात ठेवून स्वतः एसटीनं मुंबईला नेली. तिथल्या प्रयोगशाळेतले लोक ती उंदरांना टोचून बघणार होते. नगरला परतल्यावर निकाल ऐकायला त्या एसटीडी बूथमध्ये शिरल्या, मी बाहेर थांबलो. बाहेर आल्या त्या हसतच.

"सगळी मूत्रपिंडात गेली, सर! मेंदूनं दारातसुद्धा उभं केलं नाही. मुंबईचे लोक म्हणतात, मूत्रपिंड तपासायला झकास आहे, त्यावरच शोधनिबंध लिहू. म्हटलं, लिहा. मी दुसरी करते."

पण रस्ता ओलांडताना त्या मध्येच थांबल्या. "दादाला काय सांगू?"

आम्ही घरी पोचलो तेव्हा दादा उंबऱ्यात लसूण सोलत बसले होते. "दिसलं का गं बाय, माज्या डोक्यात काय हाय ते?"

"तुझ्या नाही रे दादा, आधी उंदराच्या बघायचं असतं."

"मग त्याच्या?"

"त्याच्याही नाही दिसलं."

दादांनी जरा विचार केला. "त्याला कुटं फिट येती? त्याच्या डोक्यात काय दिसनार?"

दुसरी साखर झाली, तिसरी झाली; मेंदूत एकही शिरली नाही. मग एका सकाळी दादा स्टोव्हवर कोसळले. हात कोपरापर्यंत भाजला. मॅडम माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता माझ्या साखरेची वाट बघायची नाही."

मेंदूत रक्त कुठं किती पोचतं हे दाखवणारं परदेशी औषध मुंबईत आलं होतं. त्यानं काढलेल्या फोटोत दादांच्या डाव्या कानाच्या वर एक जागा मंद दिसली. पुढं आणखी तपासण्या झाल्या आणि शस्त्रक्रिया झाली. फिट येणं जवळजवळ थांबलं.

"दुसऱ्यांच्या औषधानं दिसलं, वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"ते कुणी केलंय हे बघायचंसुद्धा सुचलं नाही मला." त्यांनी माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले. "पण ते रक्ताचं होतं, सर. साखरेचं राहिलंच आहे अजून."

पुढं त्या रजा घेऊन मुंबईच्या त्या प्रयोगशाळेतच गेल्या, आणि तिथल्याच झाल्या. एकदा कामानिमित्त गेलो तेव्हा भेटायला गेलो. काळोख्या खोलीत पडद्यावर एकेक ठिपका उमटत होता आणि त्यातून उंदराचा आकार हळूहळू भरत होता. मी हाक मारली. त्यांनी मागं वळून न बघताच हात वर केला. "थांबा, अजून येतंय." मी बराच वेळ थांबलो. मग माझी गाडी चुकेल म्हणून निघालो. त्यांना कळलंही नसेल.

पुढच्या वर्षी दादा बेलापूरहून एकटेच कॉलेजात आले. मॅडम मुंबईत हृदयविकारानं गेल्या, हे सांगायला आले होते. आम्ही दोघं बाकावर बसलो. माझ्या तोंडातून तेच निघालं, "साखर मेंदूत गेली का हो शेवटी?"

"गेली म्हनं थोडी." दादांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "पन थांबली न्हाई, लगीच भाईर आली. तरी बाय लई खूश हुती त्या दिशी. म्हनली, दादा, दार उघडलं. आता फकस्त तिला बसवून घ्यायचं."

बेलापूरच्या गाडीची वेळ झाली होती. मी त्यांना सोडायला उठलो.

"ऱ्हाऊ द्या, सर. जातो मी."

फाटकाबाहेर ट्रक, रिक्षा, सायकली यांची गर्दी होती. दादा कडेला जरा थांबले, दोन्हीकडं बघितलं आणि कुणाचाही हात न धरता पलीकडं गेले.